कंपनीबरोबर पहिला प्रोजेक्ट करायचाय? एमओयू राहू दे, आधी वाळूत हात घाला

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी पहिल्यांदा गेले तेव्हा हातात कॉलेजच्या लोगोची फाइल, फाइलीत एमओयूच्या (एकत्र काम करायच्या इराद्याच्या कागदाच्या) दोन कॉप्या आणि शेजारी मोबाईल घेऊन तयार असलेला एक सहकारी. मालकांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "काय मॅडम, नॅकला फोटो पाहिजे काय? घ्या काढून, चहा येतोय तोवर."

नॅक म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणारी संस्था, तिला दाखवायला फोटो, असा टोमणा. राग आला होता तेव्हा. पण चूक त्यांची नव्हती. त्या एका वर्षात तीन कॉलेजं त्यांच्याकडे येऊन एमओयू करून गेली होती, हार, शाल, बॅनर सगळं झालं होतं आणि नंतर एकाचाही फोन नाही. पुढे त्याच फाउंड्रीबरोबर आमची तीन कामं झाली, दोन पैसे घेऊन, आणि तिसऱ्यातून एका मुलाचा एमटेकचा प्रबंध निघाला. मधल्या काळात ज्या ज्या ठिकाणी आपटले ते सगळं खाली लिहितेय.

हे कोणासाठी? आपल्यासारख्या जिल्ह्याच्या गावातल्या इंजिनिअरिंग किंवा सायन्स कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर असलेल्यांसाठी, ज्यांना एचओडींनी "इंडस्ट्री कोलॅबोरेशन बघा जरा" असं सांगून सोडून दिलंय त्यांच्यासाठी. आयआयटी मुंबईला या कामासाठी आयआरसीसी नावाचं अख्खं ऑफिस आहे. माटुंग्याच्या आयसीटीत, म्हणजे १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेल्या जुन्या यूडीसीटीत, प्राध्यापकांनी केमिकल कंपन्यांना सल्ला देणं ही पिढ्यानपिढ्यांची रीत आहे. त्यांची वाट मळलेली आहे. आपल्याकडे अकाउंट सेक्शनला कन्सल्टन्सीची पावती कोणत्या पुस्तकावर फाडायची इथपासून सुरुवात असते. उदाहरणं माझी फाउंड्रीची आहेत, तुमच्याकडे यंत्रमाग असेल, दूध संघ असेल, काजू प्रक्रिया असेल, पायऱ्या त्याच.

१. आधी स्वतःच्या लॅबमधे फिरून या

डेड स्टॉक रजिस्टरमधली यादी घेऊन जाऊ नका. त्यातलं निम्मं बंद असतं. कोणतं मशीन चालतं, कोण चालवतं, आणि शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालंय एवढ्या तीन गोष्टी एका कागदावर लिहा. आमचं यूटीएम (धातू ताणून त्याची ताकद मोजायचं मशीन) झकास चालायचं पण त्यावरचा कॅलिब्रेशनचा स्टिकर बघून कंपनीचा क्वालिटीवाला पोरगा हसला, कारण त्या तारखेला तो स्वतः बारावीत होता.

आणि इथेच पहिला खड्डा. कंपनीला टेस्ट रिपोर्ट लागतो तो बहुतेकदा तिच्या गिऱ्हाइकाला दाखवायला, आणि तो एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबचा लागतो. कॉलेजची लॅब तशी नसेल तर "आम्ही सर्टिफिकेट देतो" असं चुकूनही बोलू नका. सरळ सांगायचं की आम्ही बिघाड शोधायला टेस्ट करून देऊ, गिऱ्हाइकाला दाखवायचा रिपोर्ट तुम्ही मान्यताप्राप्त लॅबमधूनच घ्या. हे बोलायला मला लाज वाटायची, पण उलट त्यानंच विश्वास बसतो.

२. कंपनी निवडताना मोठ्या नावामागे लागू नका

मोठ्या कंपनीचं आर अँड डी पुण्यात, नाहीतर बंगळुरूला, त्यांना आपली गरज नसते आणि एक सही व्हायला सहा महिने लागतात. पन्नास ते दोनशे माणसं असलेलं युनिट बघा, जिथे मालक स्वतः शॉपवर फिरतो आणि दुपारी डबा तिथेच खातो.

आत शिरायचा उत्तम रस्ता म्हणजे आपले माजी विद्यार्थी. टॉपर नको, तो बाहेर गेलेला असतो. एटीकेटी लागत लागत पास झालेला आणि आता तिथे क्वालिटी किंवा प्रॉडक्शन बघणारा पोरगा शोधा. त्याला खरं दुखणं कुठे आहे ते माहीत असतं आणि तुम्हाला गेटवर अडवू देत नाही. दुसरा रस्ता संघटनांचा. आमच्याकडे कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आहे, इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनचा कोल्हापूर चॅप्टर आहे, त्यांच्या कार्यक्रमांना भाषण द्यायला नाही तर मागच्या खुर्चीत बसून ऐकायला जा. जेवणाच्या रांगेत जेवढं कळतं तेवढं स्टेजवरून कळत नाही.

वेळ सांभाळा. महिन्याचे शेवटचे पाच दिवस डिस्पॅचचे, तेव्हा देव आला तरी बाहेर बसवतील. साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं धरू नका, पिंपरी-चिंचवडकडे गुरुवारची असते, फोन करून विचारा. पीपीटी नेऊ नका. एक वही न्या.

३. प्रॉब्लेम शोधणं, खरी पीएचडी इथेच आहे

यावर जरा जास्त लिहिते कारण आपण सगळे इथेच घाई करतो. आपण जातो तेव्हा डोक्यात आपला पीएचडीचा विषय असतो आणि तो कुठेतरी चिकटवायचा असतो. मी पण तेच केलं. पहिल्या भेटीत सिम्युलेशनवर वीस मिनिटं बोलले. मालक शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, "ते सगळं खरं मॅडम, पण माझं रिजेक्शन कमी हुईल काय?"

रिजेक्शन होतं ब्लो होलचं. कास्टिंग (ओतलेला भाग) वरून चांगलं दिसतं, फेटलिंग (वरची साफसफाई) होऊन जातं, आणि गिऱ्हाइकाकडे मशीनिंग करताना कातडी निघाली की आत भोकं. म्हणजे लोखंड गेलं, वीज गेली, मशीनिंगचा खर्चही डेबिट नोटने परत अंगावर. कारण विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर तयार. मालक म्हणाले पॅटर्नचं व्हेंटिंग (वाफ बाहेर जायची वाट) बरोबर नाही. मोल्डिंगचा सुपरवायझर म्हणाला भट्टीवाले मेटल गार ओततात. भट्टीवाला म्हणाला वाळूवाले पाणी मारतात वाट्टेल तसं.

मी काय केलं तर दोन दिवस नुसतं रिजेक्शनचं रजिस्टर घेऊन बसले. तारीख, शिफ्ट, पार्ट, डिफेक्ट, वेळ. वेळेचा रकाना निम्मा रिकामा होता, तो ओतकामाच्या वहीवरून भरून काढला. मग दिसायला लागलं की सकाळी पहिले दोन-अडीच तास माल चांगला आणि नंतर भोकं वाढत जातात, दुसऱ्या शिफ्टला तर जास्तच. ग्रीन सँड, म्हणजे बेंटोनाइट माती आणि पाणी कालवलेली वाळू, वापरणाऱ्या फाउंड्रीत तीच वाळू फिरून फिरून वापरतात. एकदा साच्यात ओतकाम झालं की वाळू तापते, ती परत हॉपरमधे (वाळू साठवायच्या टाकीत) येते, आणि गार व्हायला वेळ मिळाला नाही तर गरमच मिक्सरला जाते. गरम वाळूतलं पाणी बेल्टवरच उडून जातं, बेंटोनाइटलाही ते नीट धरता येत नाही, वाळू कोरडी लागते म्हणून मिक्सरवाला अंदाजाने आणखी पाणी मारतो. मॉइश्चर साधारण तीन ते चार टक्क्यांच्या आसपास पाहिजे तिथे ते कधी खाली कधी वर. जास्त झालं की धातू ओतल्यावर वाफ, आणि वाफेला जायला जागा नाही मिळाली की भोक. म्हणजे मिक्सरवाल्याची चूक म्हणायची तर तशी होती, पण तो बिचारा हाताला लागेल तसं करत होता, त्याला कोणी थर्मामीटर दिलाच नव्हता.

यात माझी एक घोडचूकही झाली. पहिल्या आठवड्यात वाळूची सँपल कागदाच्या पुडीत बांधून कॉलेजला आणली आणि दुसऱ्या दिवशी मॉइश्चर काढलं. अर्थातच कमी आलं, रात्रभर सुकली होती ना. ते आकडे मी मालकांना छाती फुगवून दाखवले आणि त्यांच्या लॅबमधल्या बारावी झालेल्या मुलानं मला सांगितलं की मॅडम, वाळू झाकणाच्या डब्यात भरायची आणि इथेच काढायची. कार्बाइडची पावडर टाकून हलवायचा डबा त्यांच्याकडे होताच. तेव्हापासून मी टेस्टिंग जागेवरच करते.

हे काम कोणत्याही जर्नलमधे छापून येणार नाही. पण दार याच कामानं उघडलं. तासातासाला वाळूचं तापमान आणि मॉइश्चर लिहायचं, परत येणाऱ्या वाळूवर पाणी आधीच, हॉपरच्या अलीकडे मारायचं म्हणजे तिला गार व्हायला वेळ मिळतो, एवढंच सुचवलं होतं. टाकून द्यायच्या जुन्या वाळूचे पेव्हिंग ब्लॉक करता येतील का हा पुढचा विषय, ज्यातून एमटेकचा प्रबंध झाला, तो मालकांनी आपणहून काढला कारण वाळूचे ढीग त्यांच्याच डोळ्यासमोर होते.

सांभाळायच्या दोन गोष्टी. पहिल्या भेटीत उत्तर देऊ नका, सुचलं तरी. आणि ड्रॉइंगचे फोटो मोबाईलवर काढू नका. कास्टिंगचं ड्रॉइंग बहुतेक वेळा फाउंड्रीचं नसतंच, तिच्या गिऱ्हाइकाचं असतं, आणि फाउंड्रीनं ते गुप्त ठेवायची लेखी हमी दिलेली असते. तुमच्या विद्यार्थ्याच्या रिपोर्टमधे ते छापून आलं तर नुकसान मालकाचं.

४. एका पानाचा प्रस्ताव

एकच पान. दुसरं पान कोणी वाचत नाही. मराठीत लिहिलं तरी चालतं, माझा पहिला मराठीतच होता. त्यात हे असू द्या: प्रॉब्लेम त्यांच्याच शब्दात दोन ओळी, आम्ही काय करणार, काय करणार नाही, कंपनीनं काय द्यायचं, किती आठवडे, किती पैसे, आणि जमलं नाही तर काय. कंपनीनं काय द्यायचं यात माणूस मागा, नावानिशी. "सहकार्य करावे" असं लिहिलंत तर कोणीच करत नाही, "मोल्डिंग सुपरवायझर रोज पंधरा मिनिटं" असं लिहिलंत तर होतं.

पहिलं काम तीन महिन्यांच्या वर नको. दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा. आपल्याकडे परीक्षा, पेपर तपासणी, ॲडमिशनची धावपळ. त्यांच्याकडे मार्च एंड, दिवाळीचं शटडाऊन, गावाकडच्या कामगारांची यात्रेची सुट्टी. दोन्ही वगळून जे आठवडे उरतात तेवढेच खरे. मे महिना आपल्याला रिकामा वाटतो पण नेमकी तेव्हा मुलं नसतात.

५. पैसे मागा, फुकट करू नका

पहिलं काम ओळख म्हणून फुकट करून देऊ, मग पुढचं मिळेल, असं वाटतं. मिळत नाही. फुकटच्या कामाला मालक फोन उचलत नाही, सुपरवायझर सँपल ठेवत नाही. थोडे का होईना, पैसे घातलेले असले की माणूस विचारतो, काय झालं हो आमच्या कामाचं.

अंदाजपत्रकात साहित्य, बाहेरच्या लॅबचा खर्च, येण्याजाण्याचं, विद्यार्थ्याचं मानधन, तुमची फी आणि कॉलेजचा वाटा हे वेगवेगळं दाखवा. कॉलेजचा वाटा किती हे कन्सल्टन्सी पॉलिसीत लिहिलेलं असतं. तुमच्या कॉलेजला पॉलिसीच नसेल तर काम सुरू करायच्या आधी ती मंजूर करून घ्या, पैसे आल्यावर नाही. पैसे आल्यावर सगळेच हुशार होतात.

आता कराचं. "शिक्षणाला जीएसटी नसतो" हे वाक्य स्टाफ रूममधे शंभरदा ऐकाल. नसतो तो विद्यार्थ्यांना शिकवण्यावर. कंपनीला सल्ला दिला, टेस्टिंग करून दिलं तर १८ टक्के लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून अनुदानातून होणाऱ्या संशोधनाला काही ठरावीक प्रकारच्या संस्थांसाठी माफी मिळालीय, पण तुमची संस्था त्यात बसते का आणि तुमचं काम अनुदान आहे की सरळसरळ सेवा, हे सीएला कागद दाखवून विचारा, माझ्या भरवशावर राहू नका. आणखी एक, २० लाखाच्या आत नोंदणी लागत नाही असं कोणी सांगेल, पण ती मर्यादा मोजताना माफ असलेली उलाढालही धरतात, म्हणजे कॉलेजची फीसुद्धा. तेव्हा आमचं काम तर पन्नास हजाराचं आहे हा युक्तिवाद चालत नाही. कंपनीला जीएसटीचं फार दुखत नाही, तिला इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे भरलेला जीएसटी तिच्या स्वतःच्या करातून वजा होतो. तिला दुखतं ते बिलावर जीएसटी नंबर नसला की. टीडीएसही कापून येणार, ते अकाउंटवाल्यांना आधी सांगून ठेवा नाहीतर "पैसे कमी का आले" म्हणून तुम्हालाच पत्र येतं.

पैसे कायम कॉलेजच्या खात्यावर. तुमच्या खात्यावर, गुगल पेवर, एचओडींच्या हातात, कुठेच नाही.

आणि ही माझी जखम. मी आधी ज्या कॉलेजात होते तिथे कंपनीनं वेळेत पैसे पाठवले, पण ट्रान्सफरला प्रोजेक्टचं नाव नव्हतं, म्हणून अकाउंट सेक्शननं ते "इतर जमा" या खात्यात टाकून दिले. मार्च आला, वर्ष बंद झालं, आता ते काढायला व्यवस्थापनाचा ठराव पाहिजे. विद्यार्थ्याचं मानधन मिळायला पाच महिने लागले, तोवर तो पास होऊन गेला होता. मी स्वतःचे दिले आणि नंतर घेतले. तेव्हा प्रत्येक कामाला एक नंबर द्या, तो बिलावर, ट्रान्सफरच्या शेऱ्यात, सगळीकडे लिहायला सांगा, आणि पैसे आले त्याच दिवशी अकाउंटला जाऊन पावती फाडून घ्या. पन्नास टक्के आगाऊ मागायला लाजू नका.

६. कागद: एनडीए, एमओयू आणि वर्क ऑर्डर

तिन्ही वेगळे आहेत. एनडीए म्हणजे एकमेकांची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही, हा सगळ्यात आधी, रजिस्टर बघायच्याही आधी. एमओयू म्हणजे आपण एकत्र काम करू अशी इच्छा. वर्क ऑर्डर किंवा प्रोजेक्ट करार म्हणजे प्रत्यक्ष काम, मुदत आणि पैसे. लोक एमओयूवर थांबतात. नॅकवालेसुद्धा आता नुसती संख्या बघत नाहीत, त्याखाली काय काय झालं ते मागतात, आणि एनआयआरएफमधे (केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीत) तर कन्सल्टन्सीचे रुपये मोजतात, हार नाही.

स्टॅम्प पेपर आता ५०० रुपयांचा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा जुना हिशोब संपला. सही प्राचार्यांची किंवा रजिस्ट्रारची, तुमची नाही. तुम्ही फक्त प्रोजेक्ट प्रमुख.

करार कंपनीचा वकील पाठवतो आणि आपण न वाचता पुढे सरकवतो. निदान तीन कलमं वाचाच.

बौद्धिक संपदा कोणाची. मालक कंपनी, मालक कॉलेज पण वापर कंपनीला, किंवा दोघांची, असे तीन प्रकार. "दोघांची ठेवू" हे ऐकायला गोड आणि सगळ्यांना पटतं. पण भारतीय पेटंट कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे सहमालक स्वतः वापरू शकतो, तिसऱ्याला लायसन्स द्यायचं किंवा आपला हिस्सा विकायचा तर दुसऱ्याची संमती लागते, वेगळं काही ठरलं नसेल तर. कंपनी कारखान्यात वापरेल, कॉलेजला काही कारखाना नाही, म्हणजे आपल्याकडे काय राहिलं? तेव्हा पुढे काय करायचं ते आत्ताच लिहून घ्या. तुमचं आधीपासूनचं जे काही ज्ञान, कोड, पद्धत आहे ती तुमचीच राहील ही ओळही टाका. आणि विद्यार्थी हा कॉलेजचा नोकर नाही, त्याच्याकडून हक्काबद्दलचा कागद वेगळा घ्यावा लागतो, तो त्याला समजावून सांगून.

प्रकाशन. पेपर छापायच्या आधी कंपनीला दाखवणार, तीस दिवसात हरकत आली नाही तर छापणार, असं लिहा. मुदत नसेल तर पेपर वर्षभर कोणाच्या तरी इनबॉक्समधे झोपतो. पीएचडीचा विद्यार्थी असेल तर आणखी जपा, कारण प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) सगळ्यांसाठी जातो आणि व्हायव्हा खुला असतो, त्यात "गोपनीय" चालत नाही. आम्ही पार्टची नावं बदलून कास्टिंग अ, कास्टिंग ब केली, कंपनीचं नाव "एक मध्यम फाउंड्री".

काम मधेच थांबलं तर. तोवर झालेल्या खर्चाचं काय, सँपल कोणाची, डेटा कोणाचा. मालकाचा मुलगा परदेशातून शिकून येतो आणि सगळे चालू प्रोजेक्ट बंद करतो, असं खरंच होतं.

पेटंट करायचं असेल तर आधी अर्ज मग पेपर, हा क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी छापून आलं तर नवेपणा गेला, आपल्या कायद्यात सवलत आहे ती फार थोड्या प्रसंगांपुरती. प्रोव्हिजनल अर्ज टाकला की पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना फीमधे ८० टक्के सूट आहे, त्यामुळे खर्चाचं कारण सांगू नका. आणि "पेटंट पब्लिश झालं" म्हणून पेढे वाटणाऱ्यांकडे जरा दुर्लक्ष करा, अर्ज टाकला की १८ महिन्यांनी तो आपोआप प्रसिद्ध होतोच, तपासणी मागावी लागते आणि मंजुरी ही फार पुढची गोष्ट.

७. विद्यार्थी नेताना

राज्यातल्या नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात ४ क्रेडिटचं ओजेटी (कंपनीत जाऊन करायचं प्रशिक्षण) आलंय, त्यामुळे आता सगळ्यांनाच कंपन्या पाहिजेत आणि कंपन्या हैराण आहेत. चाळीस मुलं पाठवू नका. दोन पाठवा, ज्यांना काम ठरवून दिलंय. फुकटचे हात म्हणून मुलांना माल मोजायला बसवलं तर महिनाभर गप्प बसतील आणि मग तुम्हाला कधीच खरं सांगणार नाहीत.

अपघात विमा, पालकांचं संमतीपत्र, सेफ्टी शूज, हेल्मेट, आणि सुती कपडे. आमच्या एका मुलानं नवा कोरा टेरिकॉटचा शर्ट घातला होता, भट्टीच्या मुकादमानं त्याला दारातूनच परत पाठवलं, ठिणगी पडली तर कातड्याला चिकटतो म्हणून. मुलींना नेताना शिफ्ट, येण्याजाण्याची सोय आणि टॉयलेट हे तिन्ही आधी स्वतः जाऊन बघा. विचारायला संकोच वाटतो पण विचारा, एका ठिकाणी लेडीज टॉयलेट फक्त ऑफिस बिल्डिंगमधे होतं आणि ती सहाला बंद व्हायची.

८. काम चालू असताना

आठवड्याला एक व्हॉट्सअॅप, तीन ओळींचा, काही झालं नसलं तरी. वाईट बातमी लवकर द्या. मालकाला भेटायच्या आधी सुपरवायझरला भेटा, कारण तुमचा प्रत्येक निष्कर्ष म्हणजे कोणाची तरी चूक असते आणि ती त्याला मालकाच्या तोंडून कळली तर तुमची सँपल उद्यापासून हरवायला लागतात. त्याचं नाव रिपोर्टमधे घाला. शेवटी कॉलेजसाठी साठ पानांचा रिपोर्ट करा हवा तर, पण शॉपवर लावायला एक मराठी पान, मोठ्या अक्षरात, फोटोसकट. आमचं ते पान वाळूच्या मिक्सरशेजारी दोन वर्षं होतं, काळं पडलं होतं पण होतं.

९. उलट दिशेनं: कंपनीला वर्गात आणा

हे बहुतेक जण विसरतात. यूजीसीनं २०२२ मधे प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस आणलं, पंधरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस पीएचडी नसताना शिकवू शकतो, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत. कागदोपत्री छान, पण छोट्या कॉलेजला त्याचा पगार परवडत नाही. त्यापेक्षा सोपं म्हणजे ऑटोनॉमस असाल तर अभ्यास मंडळावर उद्योगाचा प्रतिनिधी असतोच, तिथे नावापुरता बडा साहेब न घेता रोज शॉपवर असणारा माणूस घ्या. आमच्या भट्टीच्या प्रमुखांनी तिसऱ्या वर्षाला दोन तास घेतले, अस्सल कोल्हापुरीत, फळ्यावर फक्त एक आकृती. मुलांनी त्यांना पाऊण तास जास्त थांबवलं. माझ्या तासाला असं कधी झालेलं नाही.

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपनीनं समाजकामासाठी काढलेल्या पैशाबद्दल, एकच. कंपनीच्या स्वतःच्या धंद्याचं काम सीएसआरच्या पैशातून करता येत नाही, तसं कोणी सुचवलं तर हळूच विषय बदला.

१०. सोबत ठेवायचे कागद आणि वस्तू

कंपनीला द्यायला: कॉलेजचं पॅन, जीएसटी सर्टिफिकेट, कॅन्सल्ड चेक, व्हेंडर नोंदणीचा फॉर्म (तो त्यांच्याकडून आधी मागून घ्या, भरायला आठवडा जातो), प्राचार्यांचं अधिकारपत्र.

कॉलेजात पाहिजे: मंजूर कन्सल्टन्सी पॉलिसी, आयपी पॉलिसी, प्रोजेक्टचा नंबर, सीएचा मोबाईल नंबर.

दोघांचं: सही झालेला एनडीए, वर्क ऑर्डर, एक पानाचा प्रस्ताव दोघांच्या सहीसह.

विद्यार्थ्यांचं: विमा, संमतीपत्र, हक्कांचा कागद, ओळखपत्र.

पिशवीत: वही, झाकणाचे डबे, मार्कर, थर्मामीटर गन, पाण्याची बाटली. आणि सेफ्टी शूज स्वतःचे घ्या, कारण पाहुण्यांसाठी गेटवर ठेवलेले बूट कायम नऊ नंबरचे असतात.